थंडीच्या रात्रीं जमिनीची ऊब कोठें जाते?

ढगाळ रात्र उबदार आणि निरभ्र रात्र कडक थंड, ही गोष्ट शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाहीं. पौषांत आभाळ भरून आलें कीं बागाईतदार थंडीपुरता तरी निश्चिंत होतो, आणि चांदण्या लखलखूं लागल्या, वारा पडला, कीं त्याची झोंप उडते. परंतु असें कां होतें, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. कारण न जाणतां केलेला उपाय पुष्कळदां व्यर्थ जातो, आणि त्याचें मोल एका रात्रींत सबंध हंगामानें द्यावें लागतें. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां असें एक उदाहरण प्रस्तुत लेखकानें डोळ्यांनीं पाहिलें. तेंच या लेखाचें निमित्त होय.

सन २०१८ च्या डिसेंबर अखेरीस निफाड तालुक्यांत पारा २ अंशांच्या खालीं उतरला आणि बागांतून पानांवरचें दंव गोठलें. नुकसानीच्या पाहणीसाठीं ज्या एका गांवीं जाणें झालें, तेथें एकाच शिवारांत दोन द्राक्षबागा होत्या. एक ओढ्याकांठच्या सखल काळ्या रानांत. दुसरी तेथून दोनशें पावलांवर, चढावरील मुरमाड जमिनींत. खालच्या बागेचे मालक साठीच्या पुढचे असून सारें गांव त्यांस तात्या म्हणे. त्यांनीं रात्रभर जागून, ओलें पाचट पेटवून बागेंत धूर कोंडला होता. तरीहि कोंवळे शेंडे आणि पानें पोळल्यासारखीं काळीं पडलीं. वरच्या बागाईतदारानें मुद्दाम असें कांहींच केलें नव्हतें. त्या आठवड्यांत शेतीची वीज रात्रींची होती, म्हणून विहिरीचें पाणी रात्रभर बागेंत चालू राहिलें होतें, इतकेंच. त्याची बाग वांचली.

पंचनाम्यावर अंगठा करतांना तात्यांनीं मला विचारलें, "भाऊसाहेब, चार गाड्या पाचट जाळलं, रातभर धूर हलू दिला नाही. मग बाग कशी गेली?" मला उत्तर देतां आलें नाहीं. "कडाक्याच्या थंडीमुळें नुकसान" एवढें लिहून मी पुढच्या गटाकडे वळलों. माझें शिक्षण मराठी शाळेंतलें आणि बेताचें; परंतु तो प्रश्न मनांतून जाईना. सेवानिवृत्तीनंतर फावल्या वेळांत वाचून, विचारून जें समजलें, तें वाचकबंधूंपुढें ठेवीत आहें.

न दिसणारे उष्णकिरण

भाकरी झाल्यावर चुलीवरून उतरलेला तवा काळाच दिसतो. तथापि त्याच्या बाजूस वीतभर अंतरावर हात धरला तर ऊब लागते. तव्याला हात लागलेला नसतो, आणि तापलेली हवा तर वर जात असते. मग बाजूस येणारी ही ऊब कसली? ती तव्यांतून निघणाऱ्या किरणांची. हे किरण प्रकाशाच्याच जातीचे, फक्त डोळ्यांस न दिसणारे.

हे किरण प्रथम ओळखले ते सन १८०० मध्यें, विल्यम हर्शेल या इंग्लंडांतील ज्योतिर्विदानें. त्यानें सूर्यप्रकाश लोलकांतून पाडून रंगांचा पट्टा पाडला आणि निरनिराळ्या रंगांत थर्मामीटर ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें, तेथें पारा सर्वांत अधिक चढला. तांबड्याच्या पलीकडील या किरणांस आपण अवरक्त किरण म्हणतों.

यांत ध्यानीं धरण्याजोगी गोष्ट अशी कीं, असे किरण केवळ सूर्य किंवा तवाच सोडतो असें नव्हे. जमीन, दगड, झाडाचें पान, गुरांचें अंग, पाणी, सर्व वस्तु अहोरात्र ते सोडीत असतात. वस्तु जितकी तप्त, तितके किरण अधिक आणि त्यांच्या लहरी तितक्या आंखूड. सूर्याचा पृष्ठभाग सुमारें साडेपांच हजार अंश तप्त. त्याच्या किरणांचा जोर अर्ध्या मायक्रॉनच्या लहरींत असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपली जमीन दहा-पंधरा अंशांची. तिच्या लहरी बहुतेक ४ पासून ५० मायक्रॉनपर्यंत असून त्यांचा जोर १० मायक्रॉनच्या आसपास असतो. सूर्याचें देणें आंखूड लहरींनीं दिवसा येतें. जमिनीचें देणें लांब लहरींनीं रात्रंदिवस जातें. दिवसा आवक मोठी म्हणून ही जावक जाणवत नाहीं. सूर्य मावळला कीं आवक बंद होते, जावक मात्र चालूच राहते. रात्रींची थंडी निम्म्याहून अधिक येथेंच उत्पन्न होते. उत्तरेकडील गार हवा येते हें खरेंच. परंतु शेवटचे चार-सहा अंश, ज्यांवर बागेचें जगणें-मरणें ठरतें, ते पुष्कळदां आपल्याच शेतांतून वर निघून गेलेले असतात.

हवेची चाळण

आतां हे किरण वर जातांना हवा त्यांस अडवीत नाहीं काय? येथेंच खरी मौज आहे. हवेंत शेंकडा ९९ भाग नत्रवायु आणि प्राणवायु. हे दोन्ही वायु जमिनीच्या उष्णकिरणांस जवळजवळ मुळींच अडवीत नाहींत. अडवतात ते उरलेल्या अल्पशा भागांतील वायु.

सन १८५६ मध्यें अमेरिकेंतील युनिस फूट या बाईंनीं काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायु भरून उन्हांत ठेवले आणि दमट हवा व कर्बाम्लवायु हीं अधिक तापतात असें दाखविलें. पुढें १८५९ पासून लंडन येथें जॉन टिंडल यानें जमिनीसारख्या काळोख्या उष्णतेवरच प्रयोग केले. एका नळींत वायु भरून तो एका टोंकाकडून उष्णकिरण सोडी आणि दुसऱ्या टोंकास किती पोंचले तें मोजी. नळीचीं तोंडें त्यास काचेनें बंद करतां येईनात, कारण काच हे किरण गिळून टाकते. म्हणून त्यानें सैंधवाच्या पारदर्शक वड्या बसविल्या. कोरडी हवा भरली असतां किरण जवळजवळ पुरे पार होत. पाण्याची वाफ किंवा कर्बाम्लवायु थोडासा मिसळला कीं त्यांतील पुष्कळसे मध्येंच अडत.

आजचें ज्ञान असें आहे. पाण्याची वाफ ५ ते ८ मायक्रॉनच्या लहरी, आणि १८-२० च्या पुढील बहुतेक लहरी अडविते. कर्बाम्लवायु, ज्यास शाळेच्या पुस्तकांत कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो १५ मायक्रॉनच्या आसपासच्या लहरी अडवितो. ९.६ मायक्रॉनपाशीं ओझोन वायूचा एक अरुंद गज आहे. परंतु ८ ते १३ मायक्रॉन या टप्प्यांत, जेथें जमिनीच्या किरणांचा ऐन जोर, तेथें कोरड्या हवेंत कोणीहि पुरता पहारेकरी नाहीं. ही वातावरणाची खिडकी होय. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली कीं या खिडकींतून शेताची ऊब सरळ अवकाशांत निघून जाते.

वायूंनीं अडविलेले किरण नाहींसे होत नाहींत. ती उष्णता घेऊन वायु स्वतः किरण सोडतात, आणि त्यांचा कांहीं भाग खालीं जमिनीवर परत येतो. ढग तर पाण्याच्या थेंबांचाच. त्यास खिडकीचें बंधन नाहीं. दाट ढग सर्व लहरी गिळतो आणि आपल्या उष्णमानाप्रमाणें पुन्हां खालीं सोडतो. म्हणून ढगाळ रात्र म्हणजे खिडकीवर ओढलेली घोंगडी.

करोनाच्या सांथींत कपाळाकडे रोखून ताप पाहण्याचें यंत्र सर्वांनीं पाहिलें आहे. तें हेच किरण मोजतें. यंत्रें दुरुस्त करणारे कारागीर त्याच जातीचें, पण मोठ्या टप्प्याचें यंत्र वापरतात. तें एका कारागिराकडून मागून घेऊन मीं माघांतील निरभ्र रात्रीं आभाळाकडे रोखलें. आंकडा शून्याच्या पुष्कळच खालीं गेला. पुढें एके रात्रीं ढग आले असतां पुन्हां रोखलें; तेव्हां तो अंगणांतील हवेच्या जवळपास राहिला. झाडाच्या पानाला रात्रभर जें दिसतें, तें त्या यंत्राला एका क्षणांत दिसलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

प्रयागचें बर्फ

आपल्या देशांतील कारागिरांनीं ही विद्या शास्त्रज्ञांच्या आधींच साधली होती. सर रॉबर्ट बार्कर यानें १७७५ मध्यें अलाहाबादकडील बर्फ करण्याच्या रीतीचें वर्णन प्रसिद्ध केलें. उघड्या मैदानांत सुमारें दोन फूट खोल खड्डे घेत. त्यांत वाळलेल्या उसाचा किंवा मक्याच्या ताटांचा वीतभर थर पसरीत. वर मातीचीं पसरट, उथळ, सच्छिद्र भांडीं मांडून संध्याकाळीं त्यांत उकळून निववलेलें पाणी ओतीत. सूर्योदयापूर्वीं त्यांत बर्फ जमे. वारा किंवा ढग असले कीं बर्फ होत नसे. भोंवतालची हवा गोठणबिंदूच्या वर असतांही बर्फ जमे, कारण खालच्या पाचटामुळें जमिनीची ऊब भांड्यास मिळत नसे आणि वर आभाळाची खिडकी उघडी असे.

लंडन येथील डॉ. विल्यम चार्ल्स वेल्स यानें १८१४ मध्यें दंवाविषयीं ग्रंथ लिहिला, त्यांत या बर्फाचेंहि कारण सांगितलें आहे. माळी लोक नाजूक रोपांवर पातळ चटई टाकतात याचें त्यास पूर्वीं हंसूं येत असे. इतक्या पातळ चटईनें हवेची थंडी कशी अडणार, असें त्यास वाटे. पुढें त्यानें उघड्यावर लोंकरीचे झुबके ठेवून पाहिलें कीं, निरभ्र रात्रीं गवतावरील वस्तु हवेपेक्षांही थंड होतात, आणि वर नुसती फळी आडवी धरली तरी हें निवणें व दंव पुष्कळ कमी होतें. तेव्हां त्यानें आपली चूक मोकळेपणानें कबूल केली. चटई हवेला अडवीत नव्हती. ती आभाळाला अडवीत होती.

एका गुंठ्याचा जमाखर्च

आयुष्य जमाबंदीच्या चोपड्यांत गेल्यामुळें लेखकास आंकड्यांवांचून समाधान होत नाहीं. दहा अंशांची जमीन दर चौरस मीटरास सुमारें ३६० वॅट उष्णता वर सोडते. निरभ्र, कोरड्या आभाळाकडून त्यांतील सुमारें २८० परत येतात. निव्वळ तूट ८० वॅट. एका गुंठ्यांत सुमारें १०१ चौरस मीटर. म्हणजे दर गुंठ्यास १०० वॅटचे ८० दिवे रात्रभर जळावेत इतकी उष्णता निघून जाते. एकराची तूट तासास सुमारें ३२० युनिट, आणि रात्रीं आठपासून सकाळीं सहापर्यंत ३,२०० युनिट. दाट व खालून चाललेले ढग आले तर हीच तूट चौथाईच्याही खालीं येते.

आतां भरपाईकडे पाहूं. एक किलो वाळलेलें पाचट पुरतें जळालें तर सुमारें ४ युनिट उष्णता देतें. सबंध तूट भरून काढावयाची तर एकरास एका रात्रींत ८ क्विंटल कोरडें पाचट, आणि तेंही त्याची सर्व ऊब बागेंतच राहील तर. प्रत्यक्षांत बहुतेक वर निघून जाते; आणि ओलें पाचट तर धुमसतें, जळत नाहीं.

उलटपक्षीं पाणी पाहा. आपल्या भागांत विहिरीचें पाणी हिवाळ्यांतही कोंबट, बहुधा २४-२५ अंशांचें असतें. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारें एक लाख लिटर. तें २४ अंशांवरून ९ अंशांपर्यंत निवलें तर सुमारें १,७५० युनिट उष्णता जमिनीस व हवेस देतें. म्हणजे रात्रींच्या तुटीच्या निम्म्याहून अधिक. अर्धा इंच दिलें तरी चौथाई तूट भरते. हें कळलें तेव्हां तात्यांच्या शेजाऱ्याची बाग कशी वांचली, याचा एक हिशेब मला लागला.

धूर काय करतो?

धुरानें थंडी अडते हा समज फार जुना व सर्व देशांत पसरलेला आहे. धूर हा ढगासारखा दिसतो, म्हणून ढगासारखेंच काम करीत असेल असें कोणालाही वाटावें. परंतु ढगाचे व धुक्याचे थेंब दहा-वीस मायक्रॉनचे, आणि धुराचे कण बहुतेक एका मायक्रॉनहून लहान. जमिनीच्या किरणांची लहर दहा मायक्रॉनची. ओढ्याच्या पुराची मोठी लाट एखाद्या लव्हाळ्याच्या काडीस जुमानीत नाहीं, त्याप्रमाणें ही लांब लहर धुराच्या कणांमधून जवळजवळ बिनहरकत निघून जाते. सूर्यप्रकाशाची लहर मात्र अर्ध्या मायक्रॉनची, धुराच्या कणांच्या मापाची. तिला धूर चांगलाच अडवितो.

यांतील नुकसान वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. रात्रीं जी ऊब अडवावयाची ती धूर जाऊं देतो, आणि सकाळीं जें ऊन लवकर यावयास हवें तें तो अडवून धरतो. धुराची ही समजूत इतर देशांतही महाग पडली. कॅलिफोर्नियांत १९१३ च्या जानेवारींतील गोठणानें संत्र्या-लिंबांच्या बागांची मोठी हानि झाली. नंतर तेथें बागांतून तेलाच्या शेगड्या पेटविण्याची चाल फार वाढली आणि धुरानें गांवेंच्या गांवें काळवंडलीं. पुढें अनुभवांतीं ठरलें तें हेंच कीं, उपयोग होतो तो शेगडीच्या उष्णतेचा, धुराचा नव्हे.

तात्यांच्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे. त्यांची मेहनत कमी पडली नव्हती. ती ज्या वाटेवर खर्ची पडली, त्या वाटेनें थंडी येतच नव्हती. शिवाय त्यांचें रान सखल. निवलेली हवा जड होऊन पाण्याप्रमाणें उताराकडे वाहते आणि खोलगट जागेंत सांचते. वरच्या बागेची थंडी अशी ओघळून खालच्या बागेंत उतरली होती.

मग करावें काय?

पहिली गोष्ट पाण्याची. थंडीची सूचना मिळतांच आदल्या दिवशीं जमीन ओलावून ठेवावी. ओली, दबलेली, तणरहित जमीन दिवसाचें ऊन खोलवर साठविते व रात्रीं परत देते. भुसभुशीत कोरडी माती हें करूं शकत नाहीं. कडाक्याच्या रात्रीं विहिरीचें पाणी मध्यरात्रीनंतर सुरू करून सूर्य वर येईपर्यंत चालू ठेवावें. शेततळ्यांतील पाणी रात्रीं स्वतःच निवलेलें असतें, म्हणून शक्य तोंवर विहिरीचें वापरावें. तुषारसिंचन असेल तर तें मध्येंच थांबवूं नये. ओलीं पानें वाळतांना अधिकच थंड होतात. मात्र पक्व होत आलेल्या घडांस जादा पाणी झाल्यास मणी तडकतात आणि रोगांसही वाव मिळतो, हें विसरूं नये.

दुसरी गोष्ट आच्छादनाची. पाचटाचें आच्छादन उन्हाळ्यांत हितकर. परंतु कडाक्याच्या दिवसांत तें जमिनीची ऊब खालींच कोंडतें आणि वरचें रोप उघडें पाडतें. प्रयागच्या खड्ड्यांत पाचट घालीत तें याचसाठीं. अशा आठवड्यापुरतें तें ओळींतून बाजूस सारावें. रोपवाटिकेवर वरून गवताची तट्टी, गोणपाट किंवा कापड धरावें. साधें पातळ पारदर्शक पॉलिथीन उष्णकिरणांस बरेंचसें पार होऊं देतें. त्यावर आंतून दंव जमल्यावरच तें थोडेंफार अडवूं लागतें. सबब एकट्या पॉलिथीनवर विसंबूं नये.

तिसरी गोष्ट शेकोटीची. ती करावयाचीच तर कोरड्या जळणाची, लहान लहान आणि पुष्कळ ठिकाणीं करावी. एकच मोठा जाळ केला तर तापलेली हवा झपाट्यानें वर निसटते आणि तिच्या जागीं भोंवतालची गार हवा बागेंत ओढली जाते.

चौथी गोष्ट जागेची. सखल रानाच्या खालच्या अंगास दाट कुंपण किंवा उंच बांध असेल तर थंड हवा तळ्यासारखी तुंबते. तेथें कुंपणांत वाट मोकळी ठेवावी. नवी बाग लावतांना नाजूक पीक चढावर आणि काटक पीक खोलगटांत घ्यावें.

पांचवी गोष्ट मोजण्याची. वर्तमानपत्रांत येणारें उष्णमान जमिनीपासून सुमारें चार फुटांवर, झडपांच्या पेटींत मोजलेलें असतें. आभाळाकडे उघडें असलेलें पान त्याहून दोन-तीन अंशांनीं, कधीं अधिकही, थंड असतें. शिवाय पुणें येथें १९३२ त सुरू झालेल्या कृषिहवामान विभागाचे डॉ. एल. ए. रामदास यांनीं एस. आत्मनाथन् यांच्यासह त्याच वर्षीं दाखवून दिलें कीं, निवांत निरभ्र रात्रीं उघड्या जमिनीवर सर्वांत थंड हवा अगदीं जमिनीलगत नसून वीतभर ते हातभर उंचीवर असते. ही गोष्ट प्रथम पुष्कळांस खरी वाटेना. आज ती सर्वमान्य आहे. कोंवळीं रोपें नेमकीं याच उंचीचीं असतात.

रात्रींचें आभाळ आतां घरबसल्या पाहतां येतें. हवामान खात्याच्या इन्सॅट उपग्रहांवरील रात्रींचीं चित्रें १०.३ ते ११.३ मायक्रॉनच्या लहरींनीं, म्हणजे त्याच खिडकींतून घेतलेलीं असतात. चित्रांत आपल्या तालुक्यावर पांढरा ढग नसेल, हवा कोरडी असेल आणि संध्याकाळीं वारा पडला असेल, तर खिडकी सताड उघडी आहे असें समजून पाण्याची तयारी ठेवावी. हवेंतील कर्बाम्लवायु पूर्वींच्या दशलक्षांत २८० भागांवरून आज ४२० च्या वर गेला आहे आणि त्यामुळें रात्री सरासरीनें उबदार होत आहेत, हें खरें. परंतु त्यानें ही खिडकी बंद होत नाहीं. कोरड्या रात्रीं ती आजही मोकळीच असते, आणि बाग जाण्यास एक रात्र पुरते.

शेवटीं संघाच्या सभासदांस एक विनंति आहे. प्रत्येक गांवीं निदान दोघांनीं, एकानें चढावर व एकानें सखल रानांत, घडांच्या उंचीवर थर्मामीटर टांगावें आणि मार्गशीर्षापासून माघापर्यंत रोज पहाटेचा आंकडा, ढग, वारा व पाणी दिल्याची नोंद वहींत ठेवावी. दोन-तीन हिवाळ्यांत प्रत्येक शिवाराची थंडी कोठून वाहते व कोठें सांचते, हें कागदावर येईल. मीं आपल्या नोकरींत नुकसानीचे पंचनामे पुष्कळ लिहिले. परंतु नुकसान होण्यापूर्वीं लिहिलेली अशी एक वही त्या साऱ्यांहून अधिक उपयोगी पडली असती, असें आतां वाटतें.